बालापूरचा ऑफलाइन वर्ग : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२५

११ जानेवारी २०२५, शनिवार

रोहिंग्या मुलांच्या वर्गासाठी खोली मिळाली. बालापूरच्या वस्तीत पाण्याच्या टाकीमागे दहा बाय चौदा फुटांची पत्र्याची खोली असून भाडे महिन्याला अडीच हजार रुपये ठरले आहे. खोलीत एकच बटण आणि एकच दिवा आहे. जागामालकाने आणखी एक प्लग काढून देण्याचे कबूल केले असले, तरी वायरमनचे पैसे आपल्यालाच द्यायचे आहेत. हैदराबादच्या या दक्षिण टोकाला खासगी जमिनी भाड्याने घेऊन उभ्या राहिलेल्या अशा अनेक वस्त्या आहेत आणि त्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून आलेली रोहिंग्या कुटुंबे राहतात. काही २०१२ च्या हिंसाचारानंतर आली, काही २०१७ नंतर. पुरुष बिगारी कामाला किंवा भंगाराच्या धंद्यात जातात आणि घरातील थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते, त्यामुळे वर्गाची वेळ दुपारी तीन ते पाच अशी ठेवावी लागली.

सामान असे : एका कंपनीने मोडीत काढलेले नऊ टॅबलेट, रास्पबेरी पाय नावाचा एक मुठीएवढा संगणक, १२८ जीबीचे मेमरी कार्ड आणि एक राउटर. इंटरनेट घेतलेले नाही, ते मुद्दामच. वस्तीतील बहुतेक सिमकार्डे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आहेत आणि आमच्या वर्गाने त्या गुंतागुंतीत भर घालू नये, असे माझे मत आहे. कोलिब्री ही इंटरनेटशिवाय धडे दाखवणारी मुक्त प्रणाली अशाच जागांसाठी केलेली आहे. घरच्या जोडणीवर धडे एकदा उतरवून घेतले की तो मुठीएवढा संगणक खोलीपुरते वायफाय पसरतो आणि बाहेरच्या जगाशी काहीही संबंध न ठेवता टॅबलेटवर धडे उघडतात.

शिकवणार आहे ती वस्तीतीलच एकोणीस वर्षांची मुलगी. मुले तिला आपा म्हणतात. मी शनिवारी आणि बुधवारी जाणार. आठ ते चौदा वयाची सव्वीस मुले यादीत आहेत. त्यांपैकी अकरा सरकारी शाळेत जातात, बाकीच्यांचे शिक्षण मदरशापुरते आहे.

२५ जानेवारी, शनिवार

दोन आठवडे भाषेतच गेले. घरी ही मुले रोहिंग्या बोलतात, गल्लीत दखनी, मदरशात उर्दू वाचतात, शाळेत जाणाऱ्यांना तेलुगू सक्तीची आहे आणि पाठ्यपुस्तकांतून इंग्रजी समोर येते. बर्मी भाषा आईबापांच्या पिढीपुरतीच राहिली आहे. मी मोठ्या उत्साहाने खान अकादमीचे हिंदी गणित उतरवून आणले होते. व्हिडिओ सुरू होताच सगळी मुले माना डोलवू लागली, कारण ऐकून त्यांना सगळे कळत होते. पण व्हिडिओखालचा पहिला प्रश्न उघडला आणि वर्ग गप्प झाला. देवनागरी या खोलीत माझ्याशिवाय कोणालाही वाचता येत नाही. हे मला आधीच सुचायला हवे होते.

म्हणून फेररचना केली. हिंदी व्हिडिओ केवळ ऐकण्यासाठी ठेवले. वाचनासाठी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरील उर्दू, तेलुगू आणि सोप्या इंग्रजी गोष्टी घेतल्या. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील, पडद्यावर हाताळता येणाऱ्या प्रयोगांच्या प्रतिकृती घेतल्या, कारण त्यांत मजकूर जवळजवळ नसतोच. उर्दू मांडणीत पुढे जाण्याचा बाण डावीकडे वळतो आणि इंग्रजीत उजवीकडे. त्यामुळे एक नऊ वर्षांची मुलगी गोष्टीचे पहिले पान सहा वेळा वाचून बसली आणि गोष्ट फार छोटी आहे अशी तिने तक्रार केली.

कानावर पडलेले एक टिपून ठेवते. मुले दखनीत "ऐसाइच करना मॅडम", "उनेच बोला" असे बोलतात. हा जोर देणारा "च" दखनीने मराठीकडून घेतला आहे आणि आता तो राखाइनहून आलेल्या मुलांच्या तोंडी आहे. पाण्याला मात्र ती घरी "फानी" म्हणतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

खाती उघडण्याचा दिवस. कोलिब्रीत विद्यार्थ्याच्या खात्याला ईमेल लागत नाही, मोबाइल क्रमांक लागत नाही, आधारही लागत नाही. एक नाव आणि एक वापरनाव पुरते. तासाभरात काम उरकेल असा माझा अंदाज होता. मी यादीवरून नावे भरू लागले, तेव्हा एका मुलीचे वडील दारातूनच म्हणाले, "ये नामां किधर जाते मॅडम?"

नावे या डबीतच राहतात, बाहेर जात नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी ती डबी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, तिची वायर कोठे जाते ते पाहिले आणि काही न बोलता परत ठेवली. मग आपाने मला बाजूला घेऊन समजावले. त्यांचा भाऊ बांगलादेशात कॉक्स बाझारच्या छावणीत आहे. तेथील निर्वासितांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने बांगलादेश सरकारबरोबर केली होती. त्यातील किमान ८ लाख ३० हजार लोकांची माहिती बांगलादेशाने परत पाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारला दिली आणि पुष्कळांना त्याची नीट कल्पनाच दिली गेली नव्हती, असे ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१ मध्ये उघड केले. उच्चायुक्तालयाने संमती घेतल्याचे म्हटले होते. वस्तीत या वादाचे तपशील कोणाला ठाऊक नाहीत, पण "ज्यांच्यापासून पळालो त्यांच्याकडेच नावे पोहोचली" एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या गृहस्थांचा प्रश्न हा या प्रकल्पातील पहिला खरा डिजिटल साक्षरतेचा धडा होता आणि तो त्यांनी मला दिला, असे मी मानते. भरलेली अकरा नावे पुसली. आता प्रत्येक मुलाने फळाचे किंवा भाजीचे नाव घ्यायचे. कोणते फळ कोणाचे, ही जुळणी आपाच्या वहीत राहील आणि वही तिच्या घरी. कैरी, तुरई, अनार, मिरची अशी नावे पटापट गेली. एकाने बिर्याणीच हवी असा हट्ट धरला. नियमात बसत नसूनही दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वीज तीनदा गेली आणि मेमरी कार्ड बिघडले. सगळे धडे पुन्हा उतरवणे आले. राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस आणि कार्डाऐवजी जुन्या लॅपटॉपमधील एसएसडी वापरण्याचे ठरवले. वर्ग झाला नाही. मुलांनी कॅरम खेळला.

१ मार्च, शनिवार

काल सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाविषयीच्या याचिकेत सांगितले की मुलांनी आधी सरकारी शाळांकडे प्रवेशासाठी जावे आणि प्रवेश नाकारला गेला तर उच्च न्यायालयात दाद मागावी. प्रकरण दिल्लीचे असले, तरी आज वस्तीत दुसरा विषय नव्हता. मला तीनतीनदा विचारले गेले की याचा अर्थ बालापुरातही दाखला मिळेल का.

उत्तर देण्यापूर्वी कायदा पुन्हा वाचला. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे "निर्वासित" म्हणून मागता येईल असा वेगळा हक्क आपल्याकडे नाही. पण राज्यघटनेच्या कलम २१-अ मध्ये सहा ते चौदा वयोगटातील "सर्व बालके" असे शब्द आहेत, "नागरिक" हा शब्द नाही; आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ तर असे सांगते की शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे आणि बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे. हे तिन्ही मुद्दे आपाने उर्दूत एका पानावर लिहिले. त्या पानाच्या तीस प्रती काढल्या. खर्च साठ रुपये.

८ मार्च, शनिवार

रमजान सुरू आहे. वर्ग सकाळी नऊला. मोठी मुले रोजा धरून येतात आणि साडेदहानंतर त्यांच्याकडून लिहिण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. गोष्टी ऐकवल्या.

२२ मार्च, शनिवार

लिपीचा दिवस. दोन घटना एकाच दुपारी घडल्या.

आपाने विचारले की मुलांना रोहिंग्या अक्षरेही दाखवता येतील का. रोहिंग्या भाषेसाठीची हनिफी लिपी मोहम्मद हनिफ यांनी १९८० च्या दशकात तयार केली. ती अरबीसारखी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकाच्या, ११ व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. आपाच्या फोनवर अक्षरे व्यवस्थित दिसली. आमच्या जुन्या टॅबलेटवर मात्र ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या आल्या. एका मुलाने ते चौकोन मोजले आणि म्हणाला, "हमारी जबान में सब खिडक्यांइच हैं." अखेर नोटो फॉन्टने अक्षरांची चित्रे तयार करून ती धड्यात घातली. चित्रातील मजकूर शोधता येत नाही आणि नक्कलही करता येत नाही, हे मला खटकते; पण आज अक्षर दिसणे महत्त्वाचे होते.

दुसरी घटना अशी. एका आजोबांनी मेमरी कार्डावर जपून ठेवलेले बर्मी अंकलिपीचे धडे आणले. उघडले तर अक्षरे एकमेकांवर चढलेली, मात्रा भलतीकडे. धडे झॉजी या जुन्या फॉन्टमधले होते. झॉजी युनिकोडच्याच जागा वापरतो, पण आपल्या पद्धतीने. म्यानमारने अधिकृतपणे युनिकोडकडे जाण्याचा दिवस १ ऑक्टोबर २०१९ हा ठरवला होता. श्रीलिपीत टंकलेली जुनी फाइल नव्या संगणकावर उघडून ज्याने कपाळाला हात लावला आहे, अशा कोणाही मराठी माणसाला हा प्रकार नव्याने सांगावा लागणार नाही. परिवर्तकातून काढल्यावर मजकूर वाचता आला. आजोबांनी पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मुले त्यांच्याकडे पाहतच राहिली, कारण त्यांतील बहुतेकांनी ही भाषा अशी वाचलेली कधी ऐकलीच नव्हती.

१९ एप्रिल, शनिवार

प्रकल्पाची दिशा आज बदलली, निदान माझ्यापुरती.

गेल्या महिन्यात लक्षात आले होते की मुले गणिताचे धडे अर्ध्यावर टाकून मला घरचे फोन आणून दाखवतात : हा मेसेज काय म्हणतो, हा फॉर्म कसा भरायचा, हा ओटीपी कोणाला सांगायचा. घरात मोडकीतोडकी इंग्रजी अक्षरे जुळवता येणारे माणूस म्हणजे बहुधा दहाबारा वर्षांचे मूल असते आणि त्यामुळे सगळ्या घराची कारकुनी त्याच्याकडे येते. म्हणून आज भिंतीवर चार कार्डशीट जोडून एक भलामोठा अर्ज काढला : पहिले नाव, आडनाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल, फोटो जोडा, पाठवा.

पहिल्याच चौकटीनंतर गाडी अडली. रोहिंग्यांमध्ये आडनाव सहसा नसते. दहा वर्षांच्या "तुरई"ने खडू हातात घेऊन विचारले, "मेरा लास्ट नेम किस के पास है?" मी हसले नाही. अर्ज तर लाल तारा दाखवून ती चौकट भरल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. मग कोणी वडिलांचे नाव लिहितो, कोणी आपलेच नाव दोनदा लिहितो, आणि प्रत्येक कागदावर माणूस वेगळा होत जातो. आम्ही ठरवले की यूएन कार्डावर, म्हणजे निर्वासित उच्चायुक्तालयाने दिलेल्या ओळखपत्रावर, जसे लिहिले आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहायचे. ते चुकीचे वाटले तरी.

जन्मतारखेशी आल्यावर कळले की सव्वीसपैकी नऊ जणांचा वाढदिवस १ जानेवारीला आहे. वर्ष माहीत, तारीख नाही, म्हणून नोंदणीच्या वेळी तशी टाकलेली. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून टाकून दिलेली एक अख्खी पिढी आहे, माझ्या वडिलांसह. हे मी मुलांना सांगितले. "बिर्याणी"ला हे फार आवडले आणि त्याने माझ्या वडिलांची जून महिन्यात मेजवानी मागितली.

पुढील काम : हाच अर्ज एचटीएमएलमध्ये करून कोलिब्री स्टुडिओतून वर्गातल्या संगणकावर घालणे. तो कोठेही जाणार नाही, चुकला तर हवा तितक्या वेळा पुन्हा भरता येईल.

१० मे, शनिवार

सात मुले आली. दिल्लीतील धरपकडीच्या बातम्यांनी वस्ती धास्तावली आहे. पुरुष कामावर जायलाही बिचकतात. त्यातच परवापासून एक व्हिडिओ फिरतो आहे, ज्यात पोलीस झोपड्या रिकाम्या करताना दिसतात आणि "बालापूर, आज सकाळी" असे वर लिहिलेले आहे. हा व्हिडिओ पाहून दोन कुटुंबांनी सामान बांधले होते.

ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि तो व्हिडिओच आवाज बंद करून दहा वेळा पाहिला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न : भिंतीवर काय दिसते? तिसऱ्या खेपेला "मिरची"ने दुकानाची पाटी ओळखली. अक्षरे तेलुगू नव्हती, उर्दू नव्हती. आपाने पाहून ती बंगाली असल्याचे सांगितले. नंतर एकाने रिक्षाचा रंग दाखवला. मुलांनी घरी जाऊन हेच आईबापांना दाखवावे, असे सांगून त्यांना सोडले. भीती काही खोटी नव्हती, व्हिडिओ तेवढा दुसरीकडचा होता. या दोन गोष्टी मुलांसमोर वेगळ्या करून ठेवणे मला फार अवघड गेले.

वर्गाचे फोटो काढणे पूर्णपणे बंद. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात केवळ भिंतीवरच्या अर्जाचा आणि टॅबलेटचा फोटो जाईल.

१४ जून, शनिवार

परवा शाळा उघडल्या. या वर्षी आणखी सहा मुलांचे अर्ज घेऊन आपा आणि मी दोन शाळांत गेलो. पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी उर्दू पान वाचले, "कायदा मला माहीत आहे" असे शांतपणे सांगितले आणि चार मुलांची नावे हजेरीपटावर घेतली. आधारची चौकट रिकामी ठेवून ऑनलाइन नोंद करता करता लिपिकबाईंचा तास गेला, पण नोंद झाली. विद्यार्थ्यांना दिला जाणारा अपार ओळख क्रमांक मात्र आधारवर आधारलेला असल्याने तो या मुलांना मिळणार नाही आणि पुढे दाखले, गुणपत्रके त्याच्याशी जोडली गेली तर काय, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

दुसऱ्या शाळेत लिपिकाने संगणक चालूही केला नाही. "सिस्टीम घेत नाही," एवढेच. आम्ही लेखी नकार मागितला. तो मिळाला नाही. म्हणून प्रवेशाचा अर्ज टपालाने पोचपावतीसह पाठवला आहे.

१९ जुलै, शनिवार

एका टॅबलेटची बॅटरी फुगली असून पडदा वर उचलला गेला आहे. तो वापरातून काढला. पत्र्याखालच्या उन्हाळ्याचा हा परिणाम. आता चार्जिंग खोलीत न करता आपाच्या घरी रात्री होते. आठ टॅबलेट उरले.

कोलिब्रीच्या नोंदींवरून कोणी काय किती वेळ पाहिले, ते आज काढले. गणिताचे व्हिडिओ मी समजत होते त्यापेक्षा कितीतरी कमी पाहिले गेले आहेत. सर्वांत जास्त वेळ उर्दू गोष्टींवर आहे आणि त्याखालोखाल सरावाच्या अर्जावर. "कैरी"ने तो अर्ज एकतीस वेळा भरला आहे. विचारल्यावर ती म्हणाली की दर वेळी ती घरातल्या वेगळ्या माणसाचा भरते, आणि सगळी माणसे संपल्यावर शेजाऱ्यांचा.

२३ ऑगस्ट, शनिवार

सोमवारी २५ तारीख. २०१७ च्या त्या दिवसापासून सुरू झालेल्या म्यानमारच्या लष्करी कारवाईत सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. वस्तीतील मोठी माणसे तो दिवस पाळतात, म्हणून पुढचा वर्ग बुधवारी.

गेल्या तीन आठवड्यांचे काम जन्मदाखल्यांचे आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आईबापांचे नागरिकत्व पाहत नाही. जन्म भारतात झाला की नोंद व्हायला हवी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जाणार आहे. म्हणजे आज वर्गाच्या दारात धुळीत खेळणारी दोन वर्षांच्या आतली भावंडे शाळेच्या वयाची होतील, तेव्हा त्यांच्याकडे सर्वांत आधी हाच कागद मागितला जाईल. जन्मानंतर २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, हे वस्तीत कोणी सांगितलेलेच नव्हते. मुलांनी घरोघर जाऊन तपासले : एकोणीस बाळे, तेरा जणांचे दाखले आहेत, सहा जणांचे नाहीत.

"कैरी"च्या धाकट्या भावाचा दाखला आहे. तिने तो वर्गात आणला, आईच्या यूएन कार्डाशेजारी जमिनीवर ठेवला आणि दोन्हीवर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवत गेली. आईच्या नावात रुग्णालयाने एका अक्षराची अदलाबदल केली आहे. माझ्या नजरेतून ते निसटले होते. ती म्हणाली की सरावाच्या अर्जात ती हीच चूक दोनदा करून बसली होती, म्हणून सापडली.

बुधवारची कामे : "कैरी"च्या आईच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज, सोबत यूएन कार्डाची प्रत, ज्यांच्या बाळाला अजून वर्ष झालेले नाही त्या दोन कुटुंबांना नोंदणी कार्यालयात आधी पाठवणे, दुसऱ्या शाळेकडून अद्याप उत्तर नाही, स्मरणपत्र.